मक्याच्या शेताखालची आगबोट

माझी आजी लहानपणी कोकणातून मुंबईला आगबोटीनं आली. बोटीचं नाव तिला कधीच आठवलं नाही, पण डेकवर ठेवलेल्या कोंबड्यांच्या टोपल्या आठवायच्या. कॅन्सस सिटीतल्या 'अरेबिया' म्युझियममध्ये एका खेचराचा सांगाडा पाहिला आणि मला आजीच आठवली.

झालं असं, की ५ सप्टेंबर १८५६ ला 'अरेबिया' ही आगबोट मिसूरी नदीत बुडाली. पाण्याखाली दडलेला अक्रोडाचा बुंधा तळात घुसला. माणसं सगळी वाचली, मेलं ते एक खेचर. ते हट्टानं जागचं हललंच नाही, असं त्याच्या मालकानं सांगितलं आणि लोकांनी ते मान्य केलं.

पुढं नदीनं पात्र बदललं. १९८८ च्या हिवाळ्यात हॉली कुटुंब आणि त्यांचे मित्र बोट खणायला लागले, तेव्हा ती नदीपासून सुमारे अर्धा मैल दूर, मक्याच्या शेताखाली ४५ फूट खोल होती. भूजल इतकं की पंप रात्रंदिवस चालवावे लागले. चिखलात खेचर सापडलं. बांधलेलं! मालक चक्क खोटं बोलला होता.

ही मंडळी खजिना विकायलाच निघाली होती. पण वर आलं ते दुकानांसाठी निघालेलं सामान: बूट, बटणं, कुऱ्हाडी, अत्तर, लोणच्याच्या बाटल्या. (त्यातलं लोणचं एकानं खाऊनही पाहिलं. चांगलं होतं म्हणे.) हे सुटं विकलं तर काय उरणार? त्यांनी विकायचं रद्द केलं आणि १९९१ मध्ये म्युझियम उघडलं.

खरी मेहनत तिथून पुढं. चिखलात हवा नव्हती म्हणून वस्तू टिकल्या. बाहेर येताच लाकूड आकसतं, तडकतं. त्यामुळे काही वस्तू गोठवून ठेवल्या, लाकडात पाण्याच्या जागी मेणासारखं रसायन मुरवलं. लोकर, रेशीम, चामडं शाबूत होतं, सुती दोरा मात्र विरघळून गेलेला. म्हणजे बुटांचे नुसते सुटे तुकडे हाती आले. कुणीतरी बसून ते एकेक पुन्हा शिवले. माझा सगळ्यात जास्त वेळ त्या बुटांपुढेच गेला.

बोटीचा मागचा भाग आणि बॉयलर वर आणले. बाकीची बोट तिथंच आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत पंप बंद केले, खड्ड्यात पाणी चढलं, वर माती लोटली. पेरणीच्या आधी शेत मोकळं करून द्यायचं होतं.