जर्नेलला पुढे का खेळवलं?

१४ ऑक्टोबर २०२५ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. छांगटेने सुरुवातीलाच आघाडी मिळवून दिली होती, ती टिकली नाही. आम्ही पाच-सहा जण मित्राच्या दुकानात काउंटरवर मोबाईल उभा करून सामना पाहत होतो. शेवटची शिट्टी वाजली आणि प्रश्न सुरू झाले. एकेचाळीस वर्षांच्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवायची काय गरज होती? मधल्या फळीत चेंडू टिकत का नाही? प्रशिक्षक खालिद जमील यांना येऊन अडीच महिनेही झाले नव्हते, पण त्यांच्यावरचा निकाल आम्ही दहा मिनिटांत देऊन टाकला. एक जण तर म्हणाला, “यांच्यापेक्षा चांगला संघ मी निवडला असता.”

सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना मात्र आजोबांची आठवण आली.

आजोबा कोकणातून मुंबईला आले आणि गोदीत लागले. डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत राहायचे. रोव्हर्स चषकाचे दिवस आले की सुट्टी काढून कूपरेजच्या मैदानावर जायचे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. आजोबा सांगायचे, हे हैदराबादवाले सुरुवातीला डोकं फिरवायचे. गोलवर मारायचं सोडून चेंडू एकमेकांना देत बसायचे. लोक ओरडायचे, “अरे मार की!” आणि लोक ओरडून दमले की गोल व्हायचा. “मीपण ओरडलो होतो,” असं आजोबा हसत कबूल करायचे.

त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. पुढे भारतीय संघही त्यांच्याच हाती आला. ‘मैदान’ चित्रपटामुळे २०२४ मध्ये त्यांचं नाव पुन्हा लोकांसमोर आलं. पण मला चित्रपटातल्या नायकापेक्षा ज्याच्यावर सतत प्रश्न विचारले गेले तो माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

दहा गोलांचा दिवस

रहीम पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठात शिकले, हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवलं. १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत त्यांच्या हाताखालच्या भारतीय संघाने इराणला १-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. मेवालाल यांचा तो गोल. त्या काळी आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्येही तसेच खेळले होते. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी हुकल्या आणि आपण २-१ ने हरलो, पण अनवाणी खेळणाऱ्यांचं कौतुक झालं. दिल्लीत तर आपण जिंकलोच. मग बुटांचा प्रश्न कोण विचारणार?

तो प्रश्न जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीत उभा राहिला. तिथल्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं हरवलं. अहमद खान यांनी एक गोल केला, तेवढीच लाज राखली गेली. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

बुटांबद्दलचा हा आक्षेप रास्त होता. युगोस्लाव्हियाचा संघ त्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला, म्हणजे बूट घालूनही आपण बहुधा हरलोच असतो. पण दहा गोलांनी नाही. इथे टीका करणारे बरोबर होते आणि ज्यांना दिल्लीतल्या विजयाने निश्चिंत केलं होतं ते चुकले होते.

मास्तरांनी काय केलं

रहीम यांनी पराभवातून काय घेतलं, ते पुढच्या चार वर्षांत दिसलं. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड मुद्दाम मागे राहून खेळत होता आणि त्याला कुणी धरायचं हेच इंग्लंडच्या बचावाला कळत नव्हतं. जगभरच्या प्रशिक्षकांनी त्या सामन्याचा अभ्यास केला, त्यात आपले हैदराबादचे मास्तरही होते. जुनी दोन बचावपटूंची रचना त्यांनी मोडीत काढली आणि एक फॉरवर्ड मागे ओढला.

नुसती रचना बदलून भागत नाही, ती खेळणारे पाय तयार करावे लागतात. त्यासाठी त्यांनी हैदराबादेत वेगळ्याच स्पर्धा घेतल्या. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, म्हणजे चेंडू मिळाला की लगेच द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं. तिसरी ठरावीक उंचीपेक्षा बुटक्या मुलांची. कूपरेजवर आजोबा ज्यावर ओरडले, तो खेळ अशा सरावातून आला होता.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याचं फळ दिसलं. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असं हरवलं, त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझांचे तीन गोल. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. या वेळी पहिला गोल भारताने केला. पुढे ४-१ ने हरलो आणि बल्गेरियाकडूनही हरून चौथे आलो. पण १०-१ वरून इथवरचा प्रवास चार वर्षांचा होता.

जकार्ता

१९६२च्या आशियाई खेळांसाठी संघ जकार्ताला गेला तेव्हा रहीम यांना कर्करोगाने ग्रासलं होतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० ने हरवलं. थायलंडविरुद्ध जिंकलो, पण बचावाचा कणा असलेल्या जर्नेल सिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानविरुद्ध त्यांच्याशिवाय जिंकलो.

उपांत्य सामन्यात समोर होता दक्षिण व्हिएतनाम. रहीम यांनी जर्नेलना परत आणलं, पण बचावात नाही. डोक्याला पट्टी बांधलेला देशातला सर्वोत्तम बचावपटू सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरला आणि अरुण घोष यांना त्यांच्या जागी मागे नेलं. आमच्या दुकानातल्या मंडळींनी हा संघ पाहिला असता तर काय म्हटलं असतं, ते मी सांगू शकतो. मीही तेच म्हटलं असतं.

जर्नेलनी त्या सामन्यात गोल केला आणि भारत ३-२ ने जिंकला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश न दिल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी यजमानांना जाब विचारला होता. त्यामुळे लाखभर प्रेक्षकांचं ते स्टेडियम आपल्या संघावर खवळलेलं होतं. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलनी. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण सुवर्णपदक भारताचं झालं.

आता तो डाव धाडसी म्हणून सांगितला जातो. कोरिया जिंकला असता तर हाच डाव आजारी माणसाचा वेडेपणा ठरला असता. संघ तोच, माणसं तीच, फक्त निकाल वेगळा.

प्रश्न कोणता?

म्हणून प्रेक्षकाने प्रश्न विचारू नये, असं मला वाटत नाही. बुटांबद्दल टीकाकार बरोबर होते, पासबद्दल आजोबा चुकले आणि जर्नेलबद्दल कुणीही शंका घेतली असती तर ती वावगी नव्हती. पण सगळे प्रश्न सारखे नसतात. ‘हा खेळाडू या जागी का?’ हा खेळाचा प्रश्न आहे. ‘हा कुठला, कुणाचा?’ हा वेगळा. त्या काळात बंगाल की हैदराबाद, कुणाचे किती खेळाडू, हा वाद होताच. २०१८च्या विश्वचषकात जर्मनी पहिल्याच फेरीत बाद झाली, तेव्हा मेसुत ओझिलच्या पासइतकीच त्याच्या वंशाचीही चर्चा झाली. जिंकलो तर जर्मन, हरलो तर स्थलांतरित, अशा आशयाचं बोलून त्याने राष्ट्रीय संघ सोडला. मुसलमान वाचकाला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. जकार्ताच्या संघात शीख, ख्रिश्चन, हिंदू, मुसलमान सगळे होते, आणि रहीम यांनी त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवला होता: उद्या कोण कुठे खेळणार?

११ जून १९६३ला रहीम गेले. १९७०च्या बँकॉक आशियाई खेळांत कांस्य मिळालं, त्यानंतर तिथे फुटबॉलमध्ये आपल्याला एकही पदक नाही. ऑलिंपिकला आपला संघ १९६० नंतर पोहोचलाच नाही. एक मास्तर गेला आणि सगळंच थांबलं, याचं कारण ते सगळं एका मास्तरावरच उभं होतं. कमजोर पायाच्या स्पर्धा त्यांच्याबरोबर गेल्या. मडगावचा सामना झाला तेव्हा देशाची सर्वोच्च लीग सुरूसुद्धा झालेली नव्हती. खेळाडूंनी सराव कुठे करायचा होता?

त्या रात्री दुकानात आम्ही अकरा नावांवर तासभर भांडलो. समोरच्या शाळेला मैदान नाही. माझा मुलगा त्याच शाळेत शिकतो. त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, मीही नाही.