अक्षक्रीडा, शिवपार्वतीची

शिव आणि पार्वती समोरासमोर बसून फासे खेळत आहेत, असा देवालयशिल्पातील एक विषय. अभ्यासक त्याला द्यूत किंवा चौसर म्हणतात, मराठी कहाण्यांत तो सारीपाट. त्याची उत्तम उदाहरणे वेरूळ येथे लेणी क्र. १४, १५, २१ व २९ मध्ये आहेत. काळ साधारण इ. स. सहावे ते आठवे शतक.

महाभारताच्या आदिपर्वात हिमालयावर एका तरुणीबरोबर फासे खेळणारा शिव इंद्राला दिसतो. आपली दखल घेतली नाही म्हणून इंद्र संतापतो, तर शिव त्याला नुसत्या नजरेने जागीच खिळवतो. स्कंदपुराणाच्या केदारखंडात हा डाव विस्ताराने येतो. तिथे शिव चंद्रकोर हरतो, अंगावरची भूषणे हरतो, अखेर लंगोटीही हरतो आणि रुसून रानात निघून जातो. पार्वती शबरीच्या रूपाने त्याला परत आणते. श्रीधरांच्या शिवलीलामृतामुळे (१७१८) ही शबरी मराठी घरांत भिल्लीण म्हणून ओळखीची आहे.

क्र. २१ च्या रामेश्वर लेण्यातला पट पाहताना नजर आधी वरच्या जोडीवर जाते. थोडे थांबून खाली पाहावे. खालच्या पट्ट्यात बुटके, पोटसुटे गण नंदीशी झोंबत आहेत, कोणी त्याच्या शेपटीला लागला आहे. हा केवळ गणांचा दंगा मानला तर पटाचा निम्मा अर्थ हातचा जातो. शिवाने नंदी पणाला लावून गमावला आणि आता त्याची ओढाताण चालली आहे, असे वाचन काही अभ्यासक करतात, आणि तेच पटते. वर डाव, खाली त्याचा परिणाम. दोन्ही एकाच दगडात.

फाशांना कालाचा अर्थ पूर्वीपासून आहे. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावे मुळात फाशांच्या दानांची. कृत सर्वांत चढे, कली सर्वांत हलके. म्हणून कैलासावर पडणारे दान म्हणजे जगाचे युग बदलणे, अशी संगती लावता येते. डॉन हँडलमन व डेव्हिड शुलमन यांनी शिवाच्या या द्यूतावर १९९७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते खेळायला बसणे हेच शिवाच्या अखंडपणाला तडा जाणे होय. खेळाला दुसरा भिडू लागतो. एकाचे दोन झाले की हार ठरलेली. सृष्टी ही देवाची लीला, हे वेदान्ती वचन सर्वांना पाठ असते, पण त्या लीलेत देवाचेही काही जाते, हे वेरूळच्या पाथरवटांनी दाखवले.

क्र. २९ च्या धुमार लेण्यात शिवाने पार्वतीचा हात धरला आहे. ती फासा टाकत होती म्हणून, की डाव सोडून उठू लागली म्हणून? अर्थ दोन्ही बाजूंनी लावला जातो. समोरच कल्याणसुंदर, म्हणजे याच दोघांच्या विवाहाचा पट आहे. पाणिग्रहणातला हात आणि डावात अडवलेला हात एकाच दालनात पाहायला मिळतात.

सोळा सोमवारच्या कहाणीत हे दोघे एका देवळात सारीपाट खेळतात. डाव कोणी जिंकला, असे पार्वती गुरवाला विचारते. तो शंकराचे नाव घेतो आणि कोडी होण्याचा शाप ओढवून घेतो. याच डावाशी जोडलेल्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेलाही द्यूतप्रतिपदा म्हणतात.

घारापुरीच्या लेण्यातील कैलासावरील शिवपार्वतीच्या पटात पार्वतीने तोंड फिरवलेले आहे. तो डावानंतरचा रुसवा असावा, असे काही अभ्यासक मानतात. पट मात्र फार भंगला आहे.