भंडारदऱ्याची खडी

ग्रॅव्हल बाईक घेतलेल्या मित्रांचा मला नेहमी एकच प्रश्न असतो. सायकल आली, चाळीस मिलिमीटरचे टायर आले, आता जायचं कुठं? तर आज रस्ता सांगतो. अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुका. शेंडीहून निघायचं. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. भंडारदरा धरणाच्या पाण्याला पूर्ण वळसा, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. काही ठिकाणी डांबर, काही ठिकाणी डांबराची आठवण, आणि त्याला फुटलेल्या जंगलातल्या मुरमाच्या वाटा. एका बाजूला कळसूबाई, १,६४६ मीटर. समोर रतनगड. दिवाळीनंतर जा, हवा छान असते.

पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे. नुसता रस्ता सांगून मी थांबणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी. आणि खडी काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी दगड फोडतं, कुणीतरी पसरतं, आणि ते कशासाठी तरी असतं. मी हा वळसा तीनदा मारला. पहिल्या दोन वेळा मला नुसतं जंगल दिसलं. तिसऱ्या वेळी हा प्रश्न डोक्यात घेऊन गेलो.

सुरुवात घाटघरपासून करू, कारण सगळ्यात जुनी वाट तिथली. घाटघरहून सह्याद्रीची धार उतरून खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला जाता येतं. अशा घाटवाटांनी कोकणातलं मीठ आणि तांदूळ वर यायचा, देशावरचं धान्य खाली जायचं. वाहणारे वंजाऱ्यांचे बैल. गाडी नाही बरं का, पाठीवर गोण्या. त्यामुळं वाट केवढी हवी, तर ओझ्याचा बैल न घसरता उतरेल एवढी. मी हौसेनं सायकल घेऊन थोडा उतरलो. दोनशे पावलांत सायकल खांद्यावर आली, आणखी शंभरात मी परत फिरलो. बैलाला जमायचं ते मला जमलं नाही, त्यात लाज कसली!

या वाटा सरकारला कधीच आवडल्या नाहीत. इथल्या महादेव कोळ्यांना त्या तळहातासारख्या पाठ, आणि बाहेरच्याला कुठं काय आहे ते कळायचं नाही. १८२९-३० मध्ये रामजी भांगरे यांचा उठाव झाला, तेव्हा कॅप्टन मॅकिंटॉशनं आधी काय केलं, तर कोकणात उतरणारे घाट अडवले. वाट बंद केली की माणूस हाती लागतो, असा तो हिशोब. पुढं रामजींचा मुलगा, देवगावचे राघोजी भांगरे, यांनी सावकार आणि इंग्रज या दोघांविरुद्ध बंड केलं. त्यांना पकडलं ते या डोंगरात नाही, लांब पंढरपुरात, जानेवारी १८४८ मध्ये. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. देवगाव शेंडीहून फार लांब नाही. रिंगण मारून झाल्यावर पायांत जीव असेल तर जरूर जा.

बैलांचा धंदा मात्र बंडानं नाही, आगगाडीनं संपवला. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि माल इगतपुरीवरून जायला लागला. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर त्या दुष्काळातली माणसं राबली, आणि १८७८ मध्ये नगरलाही गाडी आली. घाटघरची वाट राहिली ती पायी जाणाऱ्यांपुरती.

मग धरण. १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. दगडी बांध, उंची ८२ मीटर, नाव दिलं गव्हर्नर लेस्ली विल्सनचं. साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे आपण बोलीत म्हणतो ते अकरा टीएमसी. हे पाणी जातं कुठं? प्रवरेतून खाली ओझरच्या बंधाऱ्यावर, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडं. ऊस तिकडं पिकला, साखर कारखाने तिकडं उभे राहिले. आणि इकडं? पाणी साचलं आणि रतनवाडी पलीकडच्या काठावर गेली. जुने ट्रेकर सांगतात, शेंडीहून लाँचनं रतनवाडी गाठायची आणि मग रतनगड चढायचा. ऐकायला किती रम्य! पण रतनवाडीच्या माणसाला दवाखान्यासाठी तीच लाँच, आणि पावसाळ्यात हा सगळा भाग कसा असतो ते विचारू नका. घाटघर-रतनवाडीला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. उरलेला जिल्हा टँकरची वाट बघतो तेव्हा इथं छत्र्या वाळत नाहीत.

साम्रदच्या अलीकडं मी चेन बसवायला थांबलो होतो. एक आजी शेळ्या घेऊन आल्या. सायकलकडं बघितलं, टायरकडं बघितलं.

"दादा, डांबरी सोडून इकडं कशाला?"

म्हटलं, आजी, मला खडीचाच रस्ता आवडतो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही फोडलीय ना खडी. बहात्तर साली. राजूरकडं, सडकेच्या कामावर." मग हाताचा अंगठा दाखवला. नख वाकडं होतं. "सुकडी मिळायची खायला. आणि ती लाल मिलो. तिची भाकर काही गिळायची नाही."

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात कितीतरी घरांत असाच, हातावर, आठवतो. लाखो माणसं पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर होती. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ चा. त्या कामांतले रस्ते बऱ्याचदा खडीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. डांबर हे पुढच्या साहेबाचं काम.

आजींच्या नातवाचं म्हणणं आणखी साधं होतं. तो मोटारसायकलवरून मागून आला. "सर, तुमच्या ग्रुपवर लिहा ना, रस्ता कधी करणार म्हणून." त्याच्या वहिनीला मागच्या पावसाळ्यात बाळंतपणासाठी थोडं अंतर डोलीतून न्यावं लागलं होतं. मी त्याच खडीचा व्हिडिओ काढून आलो होतो. व्हिडिओ मी टाकला नाही, एवढंच सांगतो.

इटलीत टस्कनीमध्ये १९९७ पासून लेरोइका नावाची जुन्या सायकलींची राईड होते. तिचा एक हेतूच असा होता की तिथले पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत. ते वाचवले, फार छान केलं. आपल्याकडेही काही मंडळी तेच म्हणतात, भंडारदऱ्याचा रस्ता कच्चाच राहू द्या. मला हे पटत नाही. टस्कनीतल्या शेतकऱ्याच्या घराला दुसरा चांगला रस्ता आहे. साम्रदला हाच एक आहे.

त्यात आणखी गुंता आहे. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. रुंदीकरण म्हटलं की वनखात्याची परवानगी. काजव्यांच्या दिवसांत, मे-जूनला, रात्री इथं गाड्यांची रांग लागते ती बघितली की वनखात्याची बाजूही खोटी वाटत नाही. आणि घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प झाला, वरचं धरण अकोल्यात, खालचं शहापुरात. तेव्हा अवजड यंत्रं जायला रस्ता झालाच होता. म्हणजे रस्ता होत नाही असं नाही. कुणासाठी होतो, एवढंच बघायचं.

तर जाणार असाल तर: पाणी शेंडीतच भरा, जेवण रतनवाडीत कुणाच्या तरी घरी सांगून ठेवा, पैसे रोख न्या. अमृतेश्वराचं मंदिर बघितल्याशिवाय निघू नका. मुख्य वाट सोडून जंगलात चाकं घालू नका. आणि कुठं नवं डांबर पडलेलं दिसलं तर नाक मुरडू नका.

पुढच्या भागात तोलारखिंड, तिथल्या दगडात कोरलेल्या वाघासकट. सायकल कोथळ्यात ठेवायची आहे, त्यामुळं बूट आणा.