आवाज पोचण्याआधी

तारे कशातून जन्मतात याचा हिशोब मांडणारे सूत्र १९०२ साली आले, आणि तारकांमधल्या जागेत थंड वायू पसरलेला असतो याचा पहिला पुरावा खगोलशास्त्रज्ञ हार्टमानला मिळाला १९०४ साली. म्हणजे बारशाचे नाव आधी ठरले, मूल नंतर सापडले.

सूत्र मांडणारा जेम्स जीन्स तेव्हा पंचविशीचा होता. प्रश्न मात्र जुना. १६९२च्या डिसेंबरात न्यूटनने विद्वान रिचर्ड बेंटलीला पत्रातून सुचवले होते, की अनंत अवकाशात समान पसरलेले द्रव्य ठिकठिकाणी गोळा होईल आणि त्यातून सूर्य-तारे घडले असतील. पण वायू दाबला की तो उलट ढकलतो, हा अडथळा त्यात नव्हता. जीन्सने नेमका तोच हिशोबात घेतला.

वायूचा एखादा भाग आकुंचला, तर तिथला दाब वाढतो आणि आवाजाच्या वेगाने आजूबाजूला पसरून ते आकुंचन मोडतो. ही लाट ढगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वेळेत पोचली तर ढग सावरतो. ढग फार मोठा असेल, तर ती पोचायच्या आत गुरुत्वाकर्षण आपले काम उरकते. ग्वाल्हेरात, महाराज बाड्याजवळच्या गोरखीत, शिंद्यांच्या जुन्या वाड्यात कुणी तान घेतली, तर ती सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावते. उणे २६३ अंश सेल्सिअसच्या ढगात आवाजाचा वेग सुमारे २०० मीटरच. एक प्रकाशवर्ष पार करायला त्याला पंधरा लाख वर्षे लागतात. घन सेंटिमीटरमागे दहा हजार रेणू असलेला असा ढग, दाबाने अडवले नाही तर, तीन-चार लाख वर्षांत कोसळतो. शर्यत कोण जिंकणार, हे उघड आहे. अशा ढगात कोसळायला लागणारे किमान वस्तुमान निघते सुमारे पाच सूर्यांएवढे. तापमान दुप्पट झाले तर ते जवळजवळ तिप्पट होते. घनता चौपट झाली तर निम्मे.

गणितात एक चलाखी आहे. जीन्सने समान पसरलेला अनंत वायू धरला आणि त्या वायूचे स्वतःचे एकूण गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवले. तसा वायू मुळात स्थिरच राहू शकत नाही. पुढच्या खगोलशास्त्रज्ञांनी याला सरळ ‘जीन्सची लबाडी’ म्हटले, आणि सूत्र वापरत राहिले. माझ्या मते ते बरोबरच केले: उत्तराचा अंदाज चुकत नाही.

या सूत्राच्या कुळकथेत भारताचाही एक दुवा आहे. भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्ड व्हायचे होते, पण १९३७च्या ऑक्टोबरात ते वारले. म्हणून १९३८च्या जानेवारीत कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्षपदी जीन्स आले. त्याच वर्षी जुलैत कोल्हापुरात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मले. कुळकथेचा पुढचा दुवा त्यांच्या केंब्रिजमधल्या गुरूंचा, फ्रेड हॉइल यांचा. १९५३ साली हॉइल यांनी दाखवले, की कोसळणारा ढग उष्णता बाहेर टाकत थंडच राहिला, तर घनता वाढेल तशी जीन्सची मर्यादा, म्हणजे कोसळायला लागणारे ते किमान वस्तुमान, खाली येते. मग ढगाचे तुकडे होतात, तुकड्यांचेही तुकडे. तारे एकटे न जन्मता थव्याने का जन्मतात, ते इथे कळते.

हे तुकडे होणे कुठे थांबते? वायू इतका दाट होतो, की उष्णता बाहेर पडेनाशी होते. तापमान चढते, आणि दाबाचा जोर पुन्हा चालू लागतो. १९७६च्या सुमारास केलेल्या गणितांत हा सगळ्यात लहान तुकडा सूर्याच्या वस्तुमानाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास निघाला.