तरंगते सौरप्रकल्प, विदर्भातील

धरणाच्या पाण्यावर प्लास्टिकचे पोकळ तराफे जोडून, त्यांवर सौरपॅनेल बसवून वीज निर्माण करणारे प्रकल्प. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात 2017 साली सुरू झालेल्या ‘हायविंड’ या 30 मेगावॅटच्या तरंगत्या पवनप्रकल्पाचे हे गोड्या पाण्यातले भावंड. तिथे आणि इथे वादाचे मूळ एकच : ज्या पाण्यावर यंत्रे नांगरायची, त्यावर आधीपासून कोणाचे तरी पोट चालते.

नागपुरात मुख्यालय असलेल्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे (स्थापना 1997) या भागातील अनेक मोठी धरणे आहेत. चंद्रपूरजवळच्या इरई धरणावर महानिर्मितीचा 105 मेगावॅटचा, तर वर्धा जिल्ह्यातील निम्न वर्धा धरणावर 505 मेगावॅटचा प्रकल्प प्रस्तावित झाला. तेलंगणातील रामागुंडमचा 100 मेगावॅटचा प्रकल्प (2022) सुमारे 500 एकर पाण्यावर पसरला आहे. त्या मापाने निम्न वर्ध्याला अडीच हजार एकर पाणी लागेल. अभियंत्यांची बाजू भक्कम आहे. शेतजमीन संपादित करावी लागत नाही, पाण्यामुळे पॅनेल तुलनेने थंड राहतात आणि बाष्पीभवन घटते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे फायदे मोठेच.

मच्छीमारांचा हिशेब मात्र वेगळा आहे. ढिवर, भोई समाजांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था जलाशय ठेक्याने घेतात, स्वतःच्या पैशाने मत्स्यबीज सोडतात. पॅनेलखालच्या नांगरदोरांत जाळी अडकतात, डोंगा फिरवायला जागा उरत नाही. पाणी कमी झाले म्हणून ठेक्याची रक्कम आपोआप कमी होत नाही. उन्हाळ्यात जलाशय आटतो, तेव्हा हा संघर्ष खरा पेटतो. पॅनेलांचा पसारा तेवढाच राहतो आणि मासेमारीचे उरलेसुरले पाणीच त्याच्या वाट्याला जाते. तराफे टेकू नयेत म्हणून पाण्याची पातळी वर राखली, तर काठावर गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांची जमीन उघडी पडत नाही. त्यांची बाजू चर्चेत क्वचितच येते. इरईच्या बाबतीत वन्यजीवप्रेमींनी विरोध केला. हा जलाशय ताडोबाच्या परिसरात आहे आणि हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात.

तंत्रातही अजून सुधारणेला वाव आहे. पातळी कित्येक मीटर खाली-वर होत असताना नांगरदोर ताणलेले ठेवणे अवघड असते. वळवाच्या वाऱ्याचा धोका निराळाच : एप्रिल 2024 मध्ये मध्य प्रदेशातील ओंकारेश्वरच्या तरंगत्या प्रकल्पाचे वादळाने नुकसान झाले.

म्हणून मे महिन्यातल्या सर्वांत कमी पाण्याचा नकाशा आधी काढावा, त्यावर जाळ्यांच्या जागा व डोंग्यांच्या वाटा मच्छीमार संस्थांकडूनच आखून घ्याव्यात, आणि उरलेल्या पाण्यापुरतीच निविदा काढावी. निविदेनंतर घेतलेल्या जनसुनावणीला नियोजन म्हणता येत नाही.