कुमारांच्या हाती नाटक

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दहा वर्षांची मुले मावळ्याचा फेटा बांधून हौसेने रंगमंचावर धावत येतात. तीच मुले चौदा वर्षांची झाली की तालमीचे नाव काढताच अभ्यासाची सबब सांगतात. हा अनुभव परप्रांतातील कोणत्याही मंडळाला नवा नाही. आवाज फुटू लागलेला, मराठी अडखळणारी आणि त्यात आम्ही हाती दिलेले आलंकारिक संवाद! या वयाला नाटकच नको असते, की आम्ही दिलेले नाटक नको असते? मराठी बालरंगभूमीचा इतिहास चाळताना हा प्रश्न वारंवार समोर येतो.

अमेरिकेत बालनाट्याचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या साहाय्याने ‘लिटल थिएटर’ उभे केले. पहिले नाटक ‘मधुमंजिरी’ हे तरुण रत्नाकर मतकरींचे. पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ यांनी तर पिढ्या रिझवल्या. पण ही मेजवानी बालकांची होती. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला राक्षसाची भीती वाटत नाही; त्याला वर्गातल्या हसण्याची भीती वाटते.

सुलभा देशपांडे यांच्या ‘चंद्रशाला’ने १९८२ मध्ये ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य आणले. मुलांचा मोठा समूह एका तालात बांधायचा, म्हणजे प्रत्येकाने शेजाऱ्याच्या पावलाकडे लक्ष ठेवणे आले. बुजरे मूल घोळक्यात लपते आणि नकळत धीट होते. १९८६ मध्ये मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ‘ग्रिप्स’ पद्धत पुण्यात आली. राजा-राणी मागे पडून घरातली भांडणे, मोठ्यांची अरेरावी रंगमंचावर आली. मात्र मुलांच्या भूमिका तेथे मोठी माणसेच करतात.

शेवटचे पाऊल पुन्हा मतकरींनीच टाकले, आणि तेही पंचाहत्तरी उलटल्यावर! २०१४ च्या सुमारास ठाण्यातील समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. झोपडवस्त्यांतील कुमारवयीन मुलामुलींनी स्वतःच्या जगण्यातले विषय निवडले, नाटिका रचल्या, बसवल्या आणि सादर केल्या. ज्याने आयुष्यभर मुलांसाठी लिहिले, त्या नाटककाराने लेखणी मुलांच्या हाती द्यावी, ही घटना मला त्यांच्या साऱ्या नाटकांइतकीच मोलाची वाटते. व्यसनी बापाची भूमिका करणाऱ्या मुलाला क्षणभर त्या बापाच्या जागी उभे राहावे लागते. राग तसाच राहतो, पण त्याला शब्द सापडतात. आपल्या चुकलेल्या वाक्याला सोबत्याने सावरून घेतले, की विश्वास म्हणजे काय हे व्याख्यानावाचून कळते. मतकरी २०२० मध्ये गेले.

हे सारे वाचून गेल्या वर्षी आम्ही मोठ्या मुलांना संहिता दिलीच नाही. तीन रविवार नुसती थट्टामस्करी चालली; कार्यकारिणीत कुरकुर झाली. चौथ्या रविवारी एका मुलीने साताऱ्याच्या आजीचा दूरध्वनी येतो असा प्रवेश रचला. आजी विचारते, “जेवलीस का गं?” नातीला उत्तर ठाऊक असते, पण ओठांवर हिंदीच येते. आजीचे काम त्या मुलीनेच मागून घेतले. तालमीला बसलेल्या आयांपैकी कोणी हसले नाही.