ट्यूबवरचा मामा

साहस या गोष्टीशी माझा आजवरचा संबंध म्हणजे पेन्शनच्या दिवशी कॅश काउंटरवर बसणे, एवढाच. मी बी.कॉम., सेकंड क्लास. बावीस वर्षे बँकेत काढली. कुठल्याही गोष्टीत उडी मारण्यापूर्वी तिचा खातेउतारा पाहावा, हे माझे जीवनविषयक तत्त्वज्ञान. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, लाओस नावाच्या देशात, ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बूड अडकवून मी एका नदीतून वाहत जाईन, असे कुणी सांगितले असते तर मी त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवले असते.

पण मला ताई आहे. आणि ताईला मुलगा आहे.

आमच्या भाचेरावांनी चोविसाव्या वर्षी चांगली नोकरी सोडली आणि पाठीवर सॅक टाकून आग्नेय आशिया पालथा घालायचे जाहीर केले. ताईने ते सोसले. पण यादीत वांग विएंग हे नाव आले आणि तिने वर्तमानपत्रातले एक कात्रण काढले. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच गावात मिथेनॉल मिसळलेली दारू पोटात जाऊन सहा परदेशी प्रवासी गेले होते. बहुतेक भाच्याच्याच वयाचे.

"तू जा त्याच्याबरोबर," ताई फोनवर म्हणाली.

"मी? अगं, मला रजा..."

"तुझी रजा शिल्लक आहे. मला माहीत आहे."

बँकेतल्या माणसाची रजा किती शिल्लक आहे हे मॅनेजरला नसेल इतके त्याच्या बहिणीला ठाऊक असते. शिवाय ताईपुढे माझे चालत नाही, याला जुने कारण आहे. लहानपणी मी कृष्णेत पोहायचो तेव्हा ही घाटावर माझे कपडे हातावर घेऊन उभी असे. मी बुडी मारली की मोठ्याने आकडे मोजायची. वीसपर्यंत मी वर आलो नाही तर एकवीस न म्हणता किंकाळी फोडायची. साऱ्या घाटाला माझा श्वास पाठ झाला होता.

तेव्हा २०२५ च्या जानेवारीत मामा-भाचे निघाले. लाओसची राजधानी व्हिएन्तियान. तिथे शंभर डॉलर मोडले आणि हातात एकवीस लाखांच्या वर किप आले. एका डॉलरला एकवीस हजारांहून जास्त भाव होता. परक्यांचे लाखो रुपये मी रोज मोजतो, स्वतःचे एकवीस लाख प्रथमच मोजले. खिडकीपलीकडची मुलगी माझ्या बोटांकडे पाहून हसली. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो.

तिथून वांग विएंग आगगाडीने तासाभरावर. हा रेल्वेमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेपर्यंत सुरू झाला. त्याआधी बसने तीन-चार तास हाडे खिळखिळी करून घ्यावी लागत. गाव छोटे. पश्चिमेला चुनखडीचे उभे डोंगर, दाढांसारखे एकाला एक लागून, आणि पायथ्याशी नदी.

"नदीचं नाव काय रे?" मी विचारले.

"नाम साँग."

"अरे, मीच तुला विचारतोय, तू सांग!"

या संवादाचा निकाल लागायला पाच मिनिटे गेली. लाओ भाषेत 'नाम' म्हणजे पाणी. नदीच्या नावाआधी तो शब्द लावतात. गुहेला 'थाम' म्हणतात. थाम चांग नावाच्या गुहेकडे जायला दीडशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर माझे गुडघे तो शब्द मराठीत उच्चारत होते.

वर पोचल्यावर कळले, की एकोणिसाव्या शतकात युनानकडून येणाऱ्या हॉ टोळ्यांपासून जीव वाचवायला गावकरी या गुहेचा आसरा घेत. जिथे एके काळी माणसे जीव मुठीत धरून बसली, तिथे आता तिकीट काढून फोटोला हसायचे. यात लाओसचे काही विशेष नाही. आपण आपल्या किल्ल्यांवर दुसरे काय करतो?

पण माझा डोळा गुहेपेक्षा एका सपाट पट्टीवर अडकला. गावाच्या पूर्व अंगाला, हमरस्त्याला लागून, लांबच लांब सरळ जागा. एवढ्याशा गावाला एवढे मैदान कशाला? भाच्याने मोबाइलमध्ये डोके घालून सांगितले, "मामा, ही धावपट्टी होती. लिमा साइट ६."

साठीच्या दशकात अमेरिकेने लाओसभर डोंगराडोंगरांत अशा धावपट्ट्या केल्या आणि त्यांना अनुक्रमांक दिले. खात्याला नाव नाही, नुसता नंबर! बँकेत असे खाते दिसले की आम्ही आधी साहेबांना बोलावतो. १९६२ मध्ये जिनिव्हाला सगळ्या मोठ्या राष्ट्रांनी लाओस तटस्थ राहील अशा कागदावर सह्या केल्या होत्या. म्हणून मग तिथले युद्ध गुप्तपणे करावे लागले. देखरेखीला आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग होता. भारत, कॅनडा आणि पोलंड, आणि अध्यक्षपद आपल्याकडे. म्हणजे शाखेत इन्स्पेक्शन चालू होते. पण शेरे मारणे इन्स्पेक्टरच्या हाती असते, तिजोरीच्या किल्ल्या नसतात, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकी विमानांनी लाओसवर ५ लाख ८० हजार फेऱ्या केल्या आणि वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. दर आठ मिनिटांना एक फेरी, रात्रंदिवस, असे सांगतात. मला असल्या सरासऱ्यांचा संशय येतो. हॉटेलच्या बिलामागे मी नऊ वर्षांची मिनिटे काढली, फेऱ्यांनी भागली. ८.१६ आले. हिशेब बरोबर होता. त्या दिवशी प्रथमच हिशेब जुळल्याचे मला वाईट वाटले. बॉम्बचा मुख्य मारा इथे नव्हता, तो शिएंग ख्वांगच्या पठारावर आणि व्हिएतनामच्या सरहद्दीला. एकेका मोठ्या बॉम्बच्या पोटात चेंडूएवढे शेकडो छोटे बॉम्ब असत. असे २७ कोटी पडले आणि त्यांतले ८ कोटींपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे.

आमच्या भाषेत याला मुदत ठेव म्हणतात. ठेवणारा ठेवून गेला, पावती कुणाकडे नाही. आणि ती पिकते कधी, तर पन्नास वर्षांनी कुणी शेतकरी कुदळ मारतो तेव्हा, किंवा पोराला चेंडू सापडला असे वाटते तेव्हा. २०१६ मध्ये ओबामा तिथे गेले. पदावर असताना लाओसला जाणारे ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष. ही ठेव उकरून काढायला त्यांनी तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. खातेदार स्वतः शाखेत आला, हेही थोडे नाही.

डिसेंबर १९७५ मध्ये लाओसात कम्युनिस्ट राज्य आले आणि दार बंद झाले. ऐंशीचे दशक संपता संपता ते परदेशी प्रवाशांसाठी किलकिले झाले आणि सॅकवाले येऊ लागले. मग १९९९ साली वांग विएंगजवळच्या एका शेतकऱ्याला एक साधी गोष्ट सुचली. त्याची तुतीची शेती. तिथे राबायला परदेशी स्वयंसेवक येत. दिवसभराच्या कामानंतर त्यांनी जरा नदीत गार व्हावे म्हणून त्याने ट्रॅक्टरच्या काही ट्यूबा आणल्या. बस्स. जगप्रसिद्ध 'ट्यूबिंग'चा जन्म असा झाला.

खरे तर हा शोध आमचा. पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून आम्ही पोहायला शिकलो आणि त्यानंतरची बढती म्हणजे गॅरेजवाल्याकडून मागून आणलेली ठिगळांची ट्यूब. पण आम्ही पेटंट घेतले नाही. शिवाय ट्यूब घेऊन घरी गेलो की आम्हांला मार बसे, त्यामुळे पर्यटनाची वाढ खुंटली.

वांग विएंगमध्ये ती खुंटली नाही. नदीकाठी एक बार झाला, मग दुसरा, मग रांगच. बांबूचे मचाण, उंचावरून पाण्यात झेप घ्यायला झोके, घसरगुंड्या, प्लॅस्टिकच्या बादलीतून दारू, पहिला पेला फुकट. काठावरून दोरी फेकायची आणि वाहत येणारे गिऱ्हाईक ओढून घ्यायचे. गिऱ्हाईक इतक्या अक्षरशः ओढणारा धंदा मी दुसरा पाहिला नाही. आणि खाली नदीत खडक. कोरड्या दिवसांत पाणी कुठे पुरुषभर, कुठे गुडघाभर. प्यालेल्या पोराला वरून दोन्ही सारखेच दिसणार. २०११ या एका वर्षात गावातल्या लहानशा इस्पितळाने किमान सत्तावीस परदेशी प्रवाशांचे मृत्यू नोंदवले. २०१२ च्या पावसाळ्यात सरकारने ते बार आणि झोके उखडून काढले.

गाव बसेल असे वाटले होते. बसले नाही, त्याने नुसती बैठक बदलली. आता लोक कायाक वल्हवतात, कड्यांवर चढतात, गुहांत शिरतात, निळ्या डोहांत डुंबतात, पहाटे गरम हवेच्या फुग्यांत बसून उडतात. साठ वर्षांपूर्वी या डोंगरांवरून काय उडत होते ते आठवले, की ते रंगीत फुगे मला फार आवडले. मी खालूनच पाहिले.

दारूच्या विषाचे म्हणाल, तर आपण नाक मुरडायचे कारण नाही. मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही, लाओसमध्ये नाही आणि मालाडच्या मालवणीतही नाही. २०१५ साली तिथे शंभराहून अधिक माणसे गेली. मी भाच्याला सीलबंद बाटलीतल्या पाण्याखेरीज काहीही घेऊ दिले नाही. ते सीलही मी स्वतः तपासत होतो. सही ताडून पाहण्याची सवय.

तर अखेर ट्यूब. डिपॉझिट भरले. संध्याकाळी सहाच्या आत ट्यूब परत केली नाही तर त्यातून कापून घेतात, हे कळताच मला त्या गावाबद्दल आदर वाटू लागला. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात पाण्यापासून वाचवणारी पिशवी, डोक्यावर बायकोने दिलेली कानटोपी. रिक्षाने वर नेऊन सोडले आणि निघालो.

आणि काय सांगू! नदी मंद होती. दोन्ही बाजूंनी डोंगर मागे सरकत होते. म्हशी पाण्यात बसून माझ्याकडे समव्यवसायी असल्यासारख्या पाहत होत्या. तीस वर्षांत मी नदीत उतरलो नव्हतो, हे मला तिथे आठवले.

एका वळणावर मी मागे पाहिले, तर भाचा नव्हता.

हाक मारली. उत्तर नाही. ट्यूबला ब्रेक नसतो. हातांनी पाणी मागे लोटून मी कसाबसा एका वाळूच्या पट्ट्याला लागलो आणि उभा राहिलो. आणि माझ्याही नकळत मोजू लागलो. एक, दोन, तीन. वीस झाले. पन्नास झाले. नोटा मोजताना मी कधी चुकत नाही, पण इथे सत्तरानंतर पुन्हा एकसष्ट म्हणालो. शंभराच्या पुढे मला ते सत्तावीस आठवले. सत्तावीस घरी कुणीतरी असेच मोजायला लागले असेल आणि थांबायचे कुठे, हे त्यांना कुणी सांगितले नसेल. आम्ही बँकेत दिवसाची बाकी जुळल्याशिवाय घरी जात नाही. ज्यांची बाकी जुळतच नाही त्यांनी काय करायचे?

चारशे बाराला भाचेराव वळणावरून आले. ट्यूबवर उताणे, सूर्याकडे तोंड.

"कुठे होतास?"

"एक बाई खडकात अडकली होती, तिची ट्यूब सोडवली. काय झालं? मामा, तू रडतोयस?"

"नदी आहे. तोंडाला पाणी लागतं," मी म्हणालो.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी दोन्ही ट्यूबा परत केल्या. डिपॉझिट पूर्ण मिळाले. दुकानातच उभे राहून ताईला फोन लावला. एक घंटाही पुरी वाजली नसेल.

"आलात का रे बाहेर?"

"आलो. दोघंही. बाकी जुळली."

पलीकडे श्वास सोडल्याचा आवाज आला.

"बरं झालं बाई," ताई म्हणाली, "केव्हाची मोजत बसलेय."